मास्तर शोधणारा देश



लष्करातली सेवा संपली की आपल्या इथली मुले पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघतात, हे आता घरोघरी चालले आहे. आमचा नातूही असाच जपानला गेला. तिथून त्याने फोनवर एक बातमी पाठवली आणि खाली हिब्रूत चार शब्द लिहिले, "सवता, हा तुझ्या भाषेचा माणूस. इथे हेडमास्तर आहे."

बातमी श्री. योगेंद्र पुराणिक यांची होती. हे मराठी गृहस्थ संगणकाच्या कामासाठी जपानला गेले, तिथलेच नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसभेवर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांताने सरकारी हायस्कुलांसाठी मुख्याध्यापक हवेत म्हणून खुली जाहिरात दिली. शिक्षकाचा परवाना नसला तरी अर्ज करता येईल अशी सवलत होती. मोजक्या जागांसाठी दीड हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतून पुराणिक निवडले गेले, आधी उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ च्या एप्रिलपासून त्सुचिउरा येथील पहिल्या क्रमांकाच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

आम्ही जन्मभर खडू हातात धरला. त्यामुळे अभिमान वाटलाच, पण त्याहून जास्त एका प्रश्नाने आम्हांला झोपू दिले नाही. ज्या देशात मास्तराला एवढा मान, त्या देशाला परक्या माणसाला हेडमास्तर करण्याची गरज का पडली? आणि इकडे शिकवण्याची हौस असलेली माणसे नोकरीसाठी वणवण का करतात? या शोधात आम्ही जी पुस्तके चाळली त्यांतून जपानच्या मास्तरांचा दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागला. त्यात आपल्या समाजासाठीही काही आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

१८६८ मध्ये जपानात सम्राट मेइजींची राजवट सुरू झाली. १८७२ मध्ये सरकारने शिक्षणाचा कायदा काढला. कागदावरचा बेत फार मोठा होता. देशाचे आठ विभाग, प्रत्येक विभागात बत्तीस माध्यमिक शाळा, आणि त्या प्रत्येकीच्या हाताखाली दोनशे दहा प्राथमिक शाळा. गुणाकार करून पाहा, ५३,७६० प्राथमिक शाळा होतात. पण शाळा म्हणजे काही नुसत्या चार भिंती नव्हेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढे मास्तर होते कुठे?

जुन्या काळी देवळांतून आणि घरांतून मुलांना लिहिणे-वाचणे शिकवीत, आपल्याकडच्या तात्या पंतोजींच्या शाळांसारखेच. तेच पंतोजी, काही भिक्षू आणि राजवट बदलल्यामुळे बेकार झालेले सामुराई, अशा सर्वांना गोळा करून शाळा उभ्या राहिल्या. तीन वर्षांत चोवीस हजारांच्या आसपास शाळा झाल्या. शेतावरचे मूल शाळेत जाते आणि वर फीही द्यावी लागते म्हणून शेतकरी चिडले, काही भागांत तर शाळा जाळल्या गेल्या. मास्तर होणे म्हणजे त्या वेळी सुखाची नोकरी नव्हती.

पण शिकवायचे कसे, हे त्या जुन्या पंतोजींना तरी कुठे ठाऊक होते? ते एकेका मुलाला जवळ बसवून धडा देत. चाळीस मुलांचा वर्ग, फळा, बाके, घंटा, हजेरीपट हे सगळेच नवे होते. म्हणून १८७२ मध्येच टोकियोत पहिले नॉर्मल स्कूल, म्हणजे आपण ज्याला ट्रेनिंग कॉलेज म्हणत असू ते, उघडले आणि मॅरियन स्कॉट नावाच्या अमेरिकन मास्तरांना नेमले. स्कॉट यांना जपानी येत नव्हते आणि विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नव्हते. मध्ये त्सुबोई गेंदो हे दुभाषे उभे राहत. बाके, फळे, तक्ते, पुस्तके अमेरिकेहून मागवली. स्कॉट यांनी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना लहान मुलांसारखे बाकांवर बसवले आणि शाळेतला पहिला धडा जसा द्यावा तसा दिला. वरच्या वर्गाने तो पाहायचा आणि खालच्या वर्गाला तसाच द्यायचा. तिथून बाहेर पडलेले मास्तर निरनिराळ्या प्रांतांत गेले आणि तिथे त्यांनी आणखी मास्तर तयार केले. एका दिव्याने दुसरा लावावा तसे हे काम चालले. १८७५ मध्ये स्त्रियांसाठीही टोकियोत वेगळे नॉर्मल स्कूल निघाले.

त्या काळात जपानने बाहेरून पुष्कळ मास्तर बोलावले. रटगर्स कॉलेजचे डेव्हिड मरी १८७३ मध्ये आले आणि शिक्षण खात्याचे सल्लागार झाले. विल्यम क्लार्क १८७६ मध्ये साप्पोरोच्या शेतकी कॉलेजात आले आणि जेमतेम आठ महिने राहिले, तरी त्यांचे नाव तिथे अजून घेतात. अशा परदेशी माणसांना भरपूर पगार असे, काहींचा तर मंत्र्यांच्या बरोबरीचा. पण प्रत्येकाच्या हातात ठरावीक मुदतीचा करार असे. मुदत संपली की बहुतेकांना निरोप. कारण सरकारने एका हाताने परदेशी मास्तर आणले, तर दुसऱ्या हाताने आपली मुले बाहेर धाडली. १८७५ मध्ये इसावा शुजी, ताकामिने हिदेओ वगैरे तरुणांना अध्यापन शिकायला अमेरिकेला पाठवले. १८७८ मध्ये ते परतले आणि नॉर्मल स्कूलचा कारभार त्यांच्याच हाती आला.

हा झाला देशाचा हिशेब. आता मास्तराच्या बाजूने पाहू.

विल्यम ग्रिफिस हे तरुण अमेरिकन १८७१ मध्ये फुकुई संस्थानात शास्त्र शिकवायला गेले. काही महिने झाले नाहीत तोच सरकारने देशातली सगळी संस्थाने बरखास्त केली. ज्या राजाने नोकरी दिली तो गाव सोडून टोकियोला निघून गेला. नोकरी देणाराच नाहीसा झाल्यावर मास्तराने काय करावे? ग्रिफिस पुढच्या वर्षी टोकियोला आले आणि तिथे शिकवू लागले.

लाफ्कादिओ हर्न यांची गोष्ट याहून मनाला लागते. हे लेखक १८९० मध्ये जपानला आले आणि ओळखीच्या विद्वानाच्या शब्दामुळे मात्सुए या लहान गावी त्यांना इंग्रजीच्या मास्तरकीची जागा मिळाली. पगार महिना १०० येन. पुढच्या वर्षी कुमामोतोला २०० येन मिळाले. त्यांनी जपानी बाईशी लग्न केले, जपानी नागरिकत्व घेतले आणि कोइझुमी याकुमो असे नाव धारण केले. १८९६ पासून टोकियोच्या विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकवीत. पण १९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढले. विद्यार्थ्यांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्याच वर्षी ते वारले.

त्यांच्या जागी जे आले त्यांत नात्सुमे सोसेकी होते. ते पुढे जपानचे फार मोठे कादंबरीकार झाले. सोसेकी यांनीही तरुणपणी मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत एक वर्ष काढले होते. परदेशी मास्तराची रिकामी जागा त्यांना मिळाली म्हणून पगार महिना ८० येन होता. खुद्द मुख्याध्यापकांना ६० येन! शिक्षकांच्या खोलीत त्या वर्षी काय वातावरण असेल, याची कल्पना ज्याने शाळेत नोकरी केली आहे त्याला सहज येईल. १९०६ मध्ये त्यांनी 'बोच्चान' ही एका नव्या मास्तराची विनोदी कादंबरी लिहिली. पुढच्या वर्षी मास्तरकी सोडून ते वर्तमानपत्रात नोकरीला गेले.

आता आपल्या माणसांकडे वळू, कारण हीच वाट आपल्या पूर्वजांनी जपानच्याही आधी चालून पाहिली आहे.

आपली परंपरा सांगते की डेव्हिड राहबी कोकणात आले तेव्हा त्यांना आपले लोक सापडले. त्यांनी तीन कुळांतली माणसे निवडून त्यांना शिकवले आणि तेच आपले पहिले काजी झाले. राहबी जन्मभर गावोगाव फिरत राहिले असते तरी किती गावे झाली असती? त्यांनी मास्तर तयार केले. पुढे १८२६ च्या सुमारास कोचीनचे शिक्षक आपल्या लोकांत आले. त्यानंतर शेलोमो सालेम शुर्राबी आले आणि १८५६ मध्ये मरण येईपर्यंत शिकवीत राहिले. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीत हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू वेगळा होता हे आपल्या वडिलांना कळत होते. तरी त्यांनी भाषा घेतली आणि धर्म आपला ठेवला.

म्हणजे आपले पहिले मास्तर बाहेरचेच. पण एका पिढीनंतर काय झाले? जोसेफ एझेकिएल राजपूरकर १८५६ मध्ये मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक शिक्षक झाले, १८६१ मध्ये मुख्याध्यापक झाले आणि चाळीस वर्षे ती जागा त्यांनी सांभाळली. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही तेच. आपल्या प्रार्थनांची मराठी भाषांतरे त्यांच्याच लेखणीची. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून आपल्याला माहीत आहे. १९२२ ते १९५० रेबेका रूबेन बाई तिथे मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले कोणी वाचक असतील तर त्यांना आमचा प्रणाम.

जपान आणि मराठी मुलूख यांचा मास्तरकीचा एक धागा आणखी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मूळचे कोकणातल्या मुरुडचे. तरुणपणी मुंबईत एकाच वेळी दोन-तीन शाळांत गणित शिकवून ते पोट भरीत. १८९१ मध्ये त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात बोलावणे आले. तिथे आजीव सभासदाने वीस वर्षे महिना ७५ रुपयांवर काम करायचे असा नेम होता. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती टोकियोच्या स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. ते विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये काढले होते. ती वाचून कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या नावाने ओळखले जाते. तिथून शिकून मास्तरीण झालेल्या बायका महाराष्ट्रात किती असतील!

हिब्रूच्या एका जपानी मास्तराचेही नाव इथे घेतले पाहिजे. कोत्सुजी सेत्सुझो १८९९ मध्ये क्योतोत एका पुजारी घराण्यात जन्मले. अमेरिकेत जाऊन ते हिब्रू शिकले. जपानात परतल्यावर हिब्रू शिकायला येणार कोण आणि हिब्रूच्या मास्तराला नोकरी देणार कोण? शेवटी मांचुरियाच्या रेल्वे कंपनीत यहुद्यांसंबंधीच्या बाबींचे सल्लागार म्हणून ते नोकरीला लागले. पण न खपणारी ती विद्या एक दिवस कामाला आली. १९४०-४१ मध्ये युरोपातून जीव वाचवून आलेले यहुदी कोबे बंदरात अडकले. मीरच्या येशिवातले गुरू आणि शिष्यही त्यांत होते. परवान्याची मुदत थोड्या दिवसांची, पुढे जायला ठिकाण नाही. कोत्सुजींनी खटपट करून ती मुदत वाढवून घेतली. १९५९ मध्ये त्यांनी जेरुसलेमला येऊन यहुदी धर्म स्वीकारला. १९७३ मध्ये ते जपानात वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना जेरुसलेमच्या मातीत ठेवले. ज्या भाषेला गिऱ्हाईक नाही ती शिकून काय मिळणार, असे विचारणाऱ्यांना आम्ही ही हकीकत सांगतो.

युद्धानंतर जपानात पुन्हा मास्तरांचा दुष्काळ पडला. युद्धकाळात मुलांना काय शिकवले याची चौकशी होणार म्हटल्यावर एक लाखाहून अधिक शिक्षक आणि शिक्षण खात्यातली माणसे चौकशीआधीच नोकरी सोडून गेली. १९४७ मध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे झाले आणि जी माणसे मिळतील ती घेऊन वर्ग चालवावे लागले. पुढे कारखान्यांची भरभराट झाली. हुशार मुले तिकडे गेली आणि मास्तरांना लोक 'देमो-शिका' म्हणू लागले. जपानीत 'देमो' म्हणजे 'तरी' आणि 'शिका' म्हणजे 'शिवाय'. मास्तर तरी होऊ, नाहीतर मास्तरकीशिवाय दुसरे काही जमत नाही, असा त्याचा टोमणा. आपल्याकडेही 'काही नाही तर मास्तरकी' म्हणत, ते आठवले. सरकारने १९७४ मध्ये कायदा करून पगार वाढवले, तेव्हा पुन्हा चांगली माणसे आली. २००० साली तर प्राथमिक शाळेच्या एका जागेसाठी बारा-तेरा उमेदवार परीक्षेला बसत. त्या वर्षांत किती हौशी तरुण दारातून परत गेले असतील!

आणि आज? २०२१ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने मोजणी केली, तर शाळा सुरू होताना सरकारी शाळांत २,५५८ शिक्षक कमी होते. प्राथमिक शाळेच्या एका जागेला आता अडीच उमेदवारही मिळत नाहीत. कारणे तिथले शिक्षकच सांगतात. सकाळी लवकर यायचे, वर्ग संपले की मुलांच्या खेळांची पथके सांभाळायची, रात्री कागदपत्रे लिहायची. १९७१ च्या कायद्याने जादा वेळेचा पगार मिळत नाही, त्याऐवजी मूळ पगाराच्या चार टक्के ठोक रक्कम ठरली होती. ती २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. पूर्वी भरपूर संख्येने भरलेले मास्तर एकदमच निवृत्त झाले. ज्या तरुणांना कधी काळी परत पाठवले, त्यांनी दुसरे धंदे धरले. आता बोलावले तरी ते कशाला येतील? मास्तर लागतील तेव्हा बाजारात मिळत नाहीत. वीस वर्षे आधी पेरावे लागते.

हे सारे वाचताना आम्हांला आमचेच दिवस आठवले. आम्ही अलिबागेकडच्या गावी शिकलो, मुंबईत अध्यापनाची पदविका घेतली आणि १९७३ मध्ये या देशात आलो. दक्षिणेकडच्या एका नव्या गावात घर मिळाले. प्रमाणपत्र घेऊन कचेरीत गेलो तेव्हा तिथल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिले, आणि हिब्रू यायला लागली की या म्हणाला. त्याचेही चुकले नाही. आम्ही कापडाच्या कारखान्यात लागलो. तीन वर्षे मागावरचे धागे जोडले. घरापासून दोन गल्ल्यांवर शाळा होती. पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला कोणी टिकत नव्हते, उत्तरेकडून आलेला मास्तर सणाला घरी जाई तो परत येत नसे. शाळा मास्तर शोधत होती आणि मास्तर धागे जोडत होता. एकमेकांना एकमेकांचा पत्ता नाही!

शेवटी शेजारणीच्या मुलाला आम्ही ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवत होतो, ते त्याच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः दाराशी आले. प्रमाणपत्र त्यांनी मागितलेच नाही. म्हणाले, "उद्या सकाळी एक तास घेऊन दाखवा." त्यानंतर आम्ही त्याच शाळेत एकतीस वर्षे काढली. आमची हिब्रू मुलांनीच सुधारली.

म्हणून त्या हेडमास्तरांच्या बातमीने आम्हांला आनंद झाला, तो केवळ मराठी नावामुळे नव्हे. कोणीतरी कागद बाजूला ठेवून माणसाकडे पाहिले, याचा तो आनंद होता. पण आनंदाबरोबर काळजीही आहे. बाहेरून आणलेला माणूस, मग तो कितीही गुणी असो, आडाचे पाणी वाढवू शकत नाही. मेइजींच्या माणसांनी हे ओळखले होते. परदेशी मास्तर शिकवीत असतानाच त्यांच्या जागी बसणारा आपला माणूस तयार होत होता.

आता आपल्या घरातला प्रश्न. हे मासिक उघडले की नातवंडे हिब्रूची पाने वाचतात आणि मराठीच्या पानांवरची चित्रे पाहतात. मलिद्याच्या वेळी आपण एलियाहू हन्नाबीची जी चाल धरतो, ती मुलांना ऐकून माहीत आहे, पण सुरुवात करायला सांगितले तर ती आपल्या तोंडाकडे पाहतात. आपल्या सभांतून दर वर्षी कोणीतरी उठून म्हणते की मराठी शिकवायला भारतातून मास्तर आणावा. जरूर आणा, पण तो एक वर्षाने परत गेला की काय करणार? राहबींनी तीन माणसे तयार केली होती. आपल्यात तर मराठी वाचू शकणारे अजून शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत निवृत्त मास्तर-मास्तरणीही पुष्कळ आहेत.

आम्ही आमच्यापुरते असे ठरवले आहे. तो जपानहून आलेला नातू आता दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे येतो. अर्धा तास बाराखडी, अर्धा तास चाल. त्याला अट एकच घातली आहे. जेवढे शिकशील तेवढे आपल्या धाकट्या बहिणीला शिकवायचे, आणि तिला आले की मगच पुढचा धडा मिळेल. 'ख' लिहिताना दोघेही अजून चुकतात. पण परवा तो तिला रागावून सांगत होता, "असे नाही, आधी हा भाग काढ," तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून ऐकले आणि मधे बोललो नाही.

वाचकहो, तुमच्या घरी कोण शिकते आहे ते आम्हांला जरूर कळवा.